शिंग, हाड आणि पाकटाचं कातडं: सुरीच्या मुठीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सांगली): सुरीला म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली. पावसाळ्यात सांधा बेमालूम होता. मार्चमध्ये शिंग पोलादापासून सुटलं आणि पिनेपाशी केसासारखा तडा गेला. एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) कमी पडली का?

उत्तर: एपॉक्सीचा दोष नाही, शिंग वाळलेलं नव्हतं. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचंच द्रव्य. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा ओढून फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. फुगलेल्या अवस्थेत तुम्ही ते चिकटवलंत. पोलाद जागचं हलत नाही, म्हणून आकसणारं शिंग पिनेवर ताणलं गेलं आणि फाटलं.

उत्तर प्रदेशात संभलजवळच्या सरायतरीनला शिंगकाम मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथल्या कापीव पट्ट्या मिळतात, पण त्या वाळलेल्याच असतील असं धरून चालू नका. मुठीला 7 मिमी जाडी हवी असेल तर 10 मिमीची पट्टी घ्या. दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करून तारखेसह लिहून ठेवा आणि लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की मगच पुढचं काम. मूठ बसवण्याचं काम दिवाळीनंतरच काढा. कोरडं बसवलेलं शिंग पुढच्या पावसाळ्यात पोलादाबाहेर किंचित डोकावेल, पण फाटणार नाही.

पट्टी वाकडी असेल तर उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, दोन सपाट लोखंडी पट्ट्यांमध्ये क्लॅम्पने दाबा आणि रात्रभर तशीच राहू द्या. गरम असताना क्लॅम्प सोडला तर ती पुन्हा पूर्वीच्या आकारावर जाते. या उकळण्यानंतर पुन्हा वाळवणं आलंच.

चिकटवण्याआधी आतला पृष्ठभाग 60 किंवा 80 नंबरच्या काचपेपरने खरवडा आणि स्पिरिटने पुसा. सावकाश सुकणारी, 24 तासांची एपॉक्सी वापरा. क्लॅम्प हलकाच आवळा. जोराने आवळलं की गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. 4 मिमी पिनेला 4.2 मिमीचं भोक पाडा, पीन नुसती एपॉक्सीत बसवा. हातोडीने तिचं डोकं पसरवायला गेलात की शिंग तिथेच चिरतं. घासताना जळक्या केसांचा वास आला तर लगेच थांबा. त्या जागी शिंग भाजून ठिसूळ होतं आणि पुढे तिथूनच सोलतं.

आता तुमची सुरी. मूठ काही मिनिटं उकळत्या पाण्यात धरा, एपॉक्सी मऊ पडेल. मग पातळ पात्याने पट्ट्या सोडवा. एवढ्या उष्णतेने पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरत नाही, काळजी नको. पट्ट्या वाळू द्या, तड्यात पातळ सुपरग्लू सोडा आणि मगच पुन्हा बसवा.

प्रश्न (नागपूर): उंटाच्या हाडाची पांढरीशुभ्र मूठ केली होती. सहा महिन्यांत तिच्यावर पिवळे, तेलकट डाग आले.

उत्तर: हाडात चरबी राहिली होती. हाड खळखळून उकळलं की चरबी बाहेर येण्याऐवजी आत मुरते, नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते. हाताला जेमतेम सोसेल अशा गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घाला, हाड बुडवून ठेवा आणि पाणी गढूळ झालं की बदला. यात काही आठवडे जातात. पाणी स्वच्छ राहू लागलं की हाड वाळवा, मग 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक-दोन दिवस ठेवा. कपड्यांचं ब्लीच कटाक्षाने टाळा. ते हाडातलं कोलॅजन, म्हणजे हाडाला बांधून ठेवणारं प्रथिन, खातं आणि हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. हाड कापताना-घासताना एन-95 मास्क हवाच आणि शक्यतो ओलं घासा, ती धूळ फुफ्फुसांना वाईट.

प्रश्न (चंद्रपूर): जंगलाच्या कडेला सांबराचं गळून पडलेलं शिंग मिळालं. मुठीसाठी वापरू का?

उत्तर: नाही. आपोआप गळालेलं असलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ते बाळगता किंवा विकता येत नाही. वनविभागाला कळवा. एके काळी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चाकूंना भारतातलं सांबरशिंग लागायचं. निर्यातबंदीनंतर ते थांबलं. तसा खडबडीत पोत हवा असेल तर उंटाच्या किंवा म्हशीच्या हाडावर गोल कानसीने वेड्यावाकड्या खाचा पाडा, गडद तपकिरी रंगवा आणि फक्त उंचवटे घासून उजळ करा. परदेशी खिशातल्या चाकूंवर शिंगाऐवजी असंच हाड पूर्वीपासून वापरतात.

प्रश्न (मालवण): आमच्याकडे पाकट (स्टिंग रे, चपटा समुद्री मासा) मिळतं. जपानी तलवारींसारखं त्याचं कातडं मुठीला लावता येईल?

उत्तर: येईल, आणि काम फार देखणं होतं. त्या कातड्यावरचे दाणे दाताच्या द्रव्याचे असतात, म्हणून ते झिजत नाहीत. जपानी तलवारीत ते लाकडी मुठीवर लावून वरून दोरी गुंडाळतात. दाण्यांमुळे ती दोरी सरकत नाही. काही जातींची पाकटं कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा आधी जात ओळखून घ्या.

आतलं मांस पूर्ण खरवडा, मीठ चोळा, फळीवर खिळे मारून सावलीत वाळवा. वापरताना 15-20 मिनिटं साध्या पाण्यात भिजवा. गरम पाण्यात ते गोळा होऊन वाया जातं. सगळ्यांत मोठे दाणे पाठीच्या मध्यावर असतात, ते मुठीच्या दर्शनी बाजूला घ्या. ओलं कातडं मुठीभोवती लपेटून सुती दोऱ्याने घट्ट बांधा आणि दोन दिवस वाळू द्या. आकार घेतला की काढा, कडा कापा आणि आता एपॉक्सीने चिकटवा. ओल्या कातड्यावर एपॉक्सी धरत नाही. चांगली कात्री वापरू नका, धार जाईल. पत्रा कापायची कात्री घ्या. सांध्यावरचे दाणे कानसीने सपाट केले की जोड दिसत नाही.

प्रश्न (पुणे): शिंगाच्या मुठीला बारीक भोकं पडलीत, भुकटी गळते.

उत्तर: केराटिन खाणारी अळी आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून शिंग ओलं होतं.

प्रश्न (न्यू जर्सी): मॅमथचा सुळा म्हणून विकत मिळणारा तुकडा हत्तीचा नाही, हे कसं ओळखावं?

उत्तर: आडव्या कापावर, बाहेरच्या कडेजवळ एकमेकांना छेदणाऱ्या रेषा दिसतात. त्यांच्यातला कोन 90 अंशांहून कमी असेल तर मॅमथ, 115 अंशांहून जास्त असेल तर हत्ती; मधले कोन दोन्हींत सापडतात. म्हणून अनेक कोन मोजून सरासरी काढा: मॅमथची 100 अंशांहून कमी येते, हत्तीची जास्त. पण तुमच्या राज्यात मॅमथच्या सुळ्याच्या विक्रीवरही बंदी आहे. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि हवाईतही. तो तुकडा घेऊ नका.