एआय एजंटसाठी रेपो क्लोन करणाऱ्या टूलचे डॉक्युमेंटेशन कसे लिहावे?

आपला प्रश्न असा आहे, की गिट या आवृत्ती-नोंद प्रणालीतील रिपॉझिटरी (रेपो, म्हणजे इतिहासासह ठेवलेला कोडचा साठा) क्लोन करून, म्हणजे तिची प्रत उतरवून, ती एआय एजंटच्या (स्वतः कमांड चालवून काम करणाऱ्या मॉडेलच्या) हवाली करणारे एक छोटे टूल आपण तयार केले आहे, त्याचा रीडमीही (माहितीची फाइल) सविस्तर लिहिला आहे, तरीही एजंट ते चुकीचे वापरतात. तेव्हा लिखाणात काय कमी पडते आहे? अशाच एका अंतर्गत टूलची माहिती लिहिण्याचे आणि ती वारंवार दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

टूल काय करते हे सगळेच लिहितात. क्लोन पूर्ण झाल्यावर हाती काय आलेले नाही, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही, आणि एजंटची फसगत तिथेच होते. आमचे टूल वेळ वाचवण्यासाठी डेप्थ एक ठेवून, म्हणजे केवळ शेवटचा कमिट (बदलांची एक नोंद) आणून, क्लोन करीत असे. यात गैर काही नाही. लिनक्स कर्नलच्या रेपोत दहा लाखांहून अधिक कमिट आहेत, आणि एक फाइल वाचण्यासाठी तो सगळा इतिहास उतरवून घेण्यात अर्थ नाही. पण एकदा आम्ही एजंटला एका जुन्या फाइलमधील बदल कोणी केले असे विचारले, तेव्हा त्याने गिट ब्लेम (प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) चालवून प्रत्येक ओळ एकाच सहकाऱ्याने एकाच दिवशी लिहिल्याचे ठामपणे सांगितले. इतिहास तोडलेला असला की ब्लेम सगळ्या ओळी त्या टोकाच्या कमिटच्या माथी मारते. ओळीच्या सुरुवातीला, इतिहास इथे तुटला आहे असे सांगणारी, सीमेची बारीक खूण असते, परंतु एजंटने तिची दखल घेतली नाही. चार वर्षे त्या फाइलवर काम केलेल्या माणसाला हे उत्तर पाहताच हसू आले असते. एजंटला शंका येण्याचे काही कारणच नव्हते.

त्यानंतर आम्ही टूलच्या वर्णनात लिहिले: ‘या क्लोनमध्ये शेवटचाच कमिट आणि एकच ब्रँच आहे. लॉग, ब्लेम किंवा मर्ज-बेस यांचा आधार घेण्यापूर्वी अनशॅलो पर्यायासह फेच चालवावे. दुसरी ब्रँच हवी असल्यास ती नाव देऊन वेगळी आणावी.’ (मर्ज-बेस म्हणजे दोन ब्रँचचा, म्हणजे कामाच्या समांतर शाखांचा, सामाईक मूळ कमिट; अनशॅलो फेच म्हणजे उरलेला इतिहास आणणे.) ब्रँचचा उल्लेख मुद्दाम केला, कारण डेप्थ दिली की गिट आपोआप एकच ब्रँच आणते, आणि मग दुसरी ब्रँच अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष एजंट काढून मोकळा होतो. सबमॉड्यूलची (रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंची) रिकामी फोल्डरे आणि एलएफएसच्या (मोठ्या फाइली वेगळ्या साठवण्याच्या सोयीतील) फाइलींच्या जागी दिसणारे दोन-तीन ओळींचे पॉइंटर यांचीही नोंद अशीच करावी. सगळे सबमॉड्यूल सरसकट आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे. 2024 मध्ये उघड झालेल्या एका गंभीर त्रुटीत काही प्रणालींवर सबमॉड्यूलसह क्लोन करतानाच परका कोड चालवता येत होता.

अपयशाचे वर्णन यशाइतकेच तपशीलवार हवे. टर्मिनल जोडलेले असेल आणि प्रवेशासाठीचा पासवर्ड किंवा टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त किल्ली) सापडले नाही, तर गिट युजरनेम विचारीत थांबते आणि एजंट वेळ संपेपर्यंत तिष्ठत बसतो. म्हणून टर्मिनल प्रॉम्प्ट बंद ठेवावा आणि तो बंद असल्याचे लिहावे. गिटहबवर परवानगी नसलेल्या खाजगी रेपोसाठीही ‘रेपो सापडली नाही’ असाच संदेश येतो. हे ठाऊक नसलेला एजंट नावात चूक झाली असे समजून मिळतीजुळती नावे चाचपू लागतो आणि भलत्याच कोणाची रेपो उतरवून घेतो. तसेच, त्या नावाचे फोल्डर आधीपासून असून रिकामे नसेल तर क्लोन अडते. अशा वेळी टूल थांबते, जुनेच वापरते की पुसून टाकते, हे स्पष्ट नसेल तर एजंट स्वतःच ते पुसून मार्ग मोकळा करतो, आणि कमिट न केलेले काम त्यासोबत जाते.

हे सारे रीडमीत लिहून भागत नाही, कारण तो एजंटच्या वाचनात येईलच असे नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याची प्रमाण पद्धत) वापरत असाल, तर टूलचे वर्णन आणि इनपुटची रचना हाच मजकूर मॉडेलपुढे जातो. तो दरवेळी जागा व्यापत असल्याने इन्स्टॉलेशन, प्रास्ताविक आणि टूलची स्तुती तेथून निःसंकोच काढावी. अपयशानंतरची पुढची पायरी तर वर्णनापेक्षा त्या त्या त्रुटीच्या संदेशातच लिहिलेली अधिक उपयोगी पडते. टोकन यूआरएलमध्ये घालू नये, हा इशारा मात्र वर्णनातच ठेवावा. ते क्लोनच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडे राहते आणि रिमोटची यादी छापताना एजंटच्या उत्तरात येऊ शकते.

लिहून झाल्यावर एका कोऱ्या सत्रातील एजंटला केवळ हे वर्णन द्यावे आणि जुन्या टॅगवरील एखादी फाइल कोणी बदलली हे शोधायला सांगावे. आमच्या पहिल्या मसुद्यावर तो दुसऱ्याच पायरीला चुकला होता.