महागडे बूट हप्त्यावर घेऊ का?

प्रश्न: वय 38. ठेकेदाराकडे हजेरीवर काम करतो. कुंपणं घालणं, जुनी छपरं आणि लाकूडकाम उतरवणं असं उन्हापावसातलं काम असतं. महिन्याला साधारण 25 हजेऱ्या भरतात. स्वस्त बूट दोन हजेऱ्यांत, म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीत येतात, पण सात महिन्यांत तळ उघडतो आणि संध्याकाळी टाचा ठणकतात. दुकानात एक जाड चामड्याचा, शिवलेल्या तळाचा जोड पाहिला आहे, किंमत सात हजेऱ्या. बारा हप्त्यांत आठ पडतील. वर एका हजेरीत 'बूट संरक्षण योजना' देतात. सवलत चालू आहे, तर दोन जोड घेऊन एक ठेवून द्यावा का? गेल्या वर्षी पायात खिळा घुसून पाच आठवडे घरी होतो. तेव्हाच्या क्रेडिट कार्डाचे 30 हजेऱ्यांएवढे पैसे बाकी आहेत, महिन्याला तीन टक्के लागतात. पुढची चिंता मात्र नाही. वर्षाला 30 हजेऱ्या भरून 20 वर्षांची पॉलिसी घेतली आहे, तीन हप्ते झाले. एजंट म्हणाला, यात सगळं आलं आणि शेवटी दुप्पट मिळतील. मग काम सोडायचा विचार आहे. पॉलिसीचे फोटो, संरक्षण योजनेची चिठ्ठी आणि पाहिलेल्या जोडांची यादी जोडतो.

उत्तर: तुम्ही सगळा हिशेब हजेऱ्यांत दिलात ते उत्तम केलंत. मीही त्यातच बोलतो.

आधी बूट. स्वस्त जोड सात महिने टिकतो, म्हणजे साडेतीन वर्षांत सहा जोड, बारा हजेऱ्या. महागडा सातचा, मध्ये एकदा तळ बदलायला अडीच धरा, झाले साडेनऊ. वाचल्या अडीच. आता हप्ते आणि संरक्षण योजना घाला: आठ, एक आणि अडीच मिळून साडेअकरा. साडेतीन वर्षांत वाचली अर्धी हजेरी, बाकीच्या दोन दुकानदाराच्या गल्ल्यात. सातचे आठ म्हणजे 14 टक्के वाटतात, पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, त्यामुळे खरा दर 25 च्या घरात आहे. आणि ती संरक्षण योजना! तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत 'वापरामुळे झालेली झीज वगळून' असं छापलंय. बुटाला झिजण्याशिवाय दुसरं काय होतं? शिलाई उसवली तर बनवणाऱ्याची हमी आहेच. ती योजना घेऊ नका.

पण मला अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. खिळ्याने तुमचे पाच आठवडे, म्हणजे 30 हजेऱ्या बुडवल्या, आणि त्यानंतर तुम्ही बूट पसंत करताना चामडं, शिलाई आणि घोट्याची गादी पाहिलीत. खिळा अडवणारा थर त्या सातच्या जोडात आहे का? तुमच्या वर्णनात तरी नाही. बुटाच्या जिभेच्या आतल्या पट्टीवर आयएसओ 20345 (संरक्षक बुटांचं आंतरराष्ट्रीय मानक) आणि एस3 (त्यातला एक वर्ग) असं लिहिलेलं शोधा. या मानकात बोटांवरच्या टोपीला 200 जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे 20 किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तर जेवढा बसेल तेवढा. एस3 म्हटलं की तळात खिळारोधक थर, चटकन पाणी न शोषणारं वरचं चामडं आणि खाचांचा तळही आला. थर धातूचा असेल तर बारीक टोकालाही दाद देत नाही, पण तळव्याच्या कडा थोड्या उघड्या राहतात. विणलेल्या कापडाचा असेल तर पूर्ण तळ झाकतो, हलका आणि लवचीक असतो, पण बारीक टोकदार खिळ्यापुढे उणा पडतो. जुन्या छपरांच्या कामात मी धातूचा घेईन.

तुमच्याच यादीतला तिसरा, चार हजेऱ्यांचा जोड, जो तुम्ही 'दिसायला बेढब' म्हणून बाद केलात, त्यावर एस3 आहे. त्याचा तळ चिकटवलेला आहे, बदलता येणार नाही. असू दे. दीड वर्ष गेला तरी साडेतीन वर्षांत साडेनऊच्या आसपासच खर्च येतो. तो रोखीने घ्या. संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, कामाचे जाड मोजे घालून दोन्ही पायांत घालून बघा, कारण एक पाय बहुधा जरा मोठा असतोच. उतारावर चालताना बोटं टोपीला आपटली तर माप चुकलं. 'वापरून सैल पडेल' हे चामड्याच्या बाबतीत थोडंफार खरं, टोपीच्या बाबतीत मुळीच नाही. टाचेचं दुखणं सकाळच्या पहिल्या पावलांना जास्त जाणवत असेल तर मात्र आधी डॉक्टरला दाखवा, बूट नंतर.

दोन जोड आलटून पालटून वापरणार असाल तर जरूर घ्या, घामाने ओलं झालेलं चामडं पुरतं सुकायला एक रात्र पुरत नाही. पण ठेवून द्यायला घेऊ नका. पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या हलक्या प्लास्टिकचा) तळ हवेतला ओलावा धरतो आणि न वापरताही काही वर्षांत भुगा होतो. सवलतीच्या जोडावर बनवल्याची तारीख बघा, सवलत कशासाठी आहे ते बहुतेक तिथेच कळेल.

आता पॉलिसी. तुम्ही लिहिता की यात सगळं आलं. मग पाच आठवडे घरी होतात तेव्हा तिने काय दिलं? काहीच नाही, म्हणून तर कार्ड वापरावं लागलं. तुमची पॉलिसी मृत्यूनंतर 600 हजेऱ्या देते, म्हणजे दोन वर्षांची कमाई. पाय मोडला, कंबर गेली तर शून्य. हे एजंटने सांगितलं नाही, पण खिळ्याने सांगितलं होतं.

दुप्पटीचंही बघू. वीस वर्षांत 600 भरायच्या आणि 1200 घ्यायच्या. पैसे टप्प्याटप्प्याने जातात म्हणून हा परतावा वर्षाला सहा टक्क्यांच्या जरा वर पडतो, तोही बोनस मनासारखा मिळाला तर. कागदावर हमी फक्त 600 ची आहे, म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला परत. तीन हप्ते झालेत, म्हणजे 17 वर्षं उरली. महागाई पाच टक्के धरली तर तेव्हाच्या 1200 ची किंमत आजच्या साधारण 520 हजेऱ्या, पावणेदोन वर्षांचा खर्च. पंचावन्नाव्या वर्षी काम सोडाल आणि साठीच्या आत पुन्हा बूट चढवाल.

आणि तोवर कार्ड 36 टक्के खातंय. 30 हजेऱ्यांवर महिन्याला जवळजवळ एक, वर्षाला अकरा. सातच्या बुटासाठी महिनाभर विचार करणाऱ्या माणसाच्या खिशातून दरसाल दीड जोड असा जातोय.

तुमच्या फोटोतल्या तक्त्याप्रमाणे आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर 28 हजेऱ्या मिळतात. भरल्यात 90. हो, 62 बुडतात, राग येणं बरोबर आहे. नुसती पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर 17 वर्षांनी 90 मिळतील, म्हणजे 28 वर वर्षाला सातएक टक्के. कार्ड 36 घेत असताना सातची हाव कशाला? सरेंडर करा, दोन हजेऱ्या पदरच्या घाला आणि कार्ड पूर्ण फेडा.

मात्र लगेच नको. पुढचा हप्ता दोन महिन्यांनी आहे, तेवढ्यात आधी दोन गोष्टी हातात घ्या. एक, साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा), किमान 3000 हजेऱ्यांचा, म्हणजे दहा वर्षांच्या कमाईचा. तो शेवटी काहीही परत देत नाही, म्हणूनच परवडतो. दोन, अपघात विमा, आणि त्यात कामावर जाता येत नाही त्या काळात दर आठवड्याला पैसे देणारं कलम हवंच. हप्ता कमी आहे म्हणून ते कलम नसलेली पॉलिसी गळ्यात मारतील, घेऊ नका. या दोन्हींनंतर पॉलिसीत जाणाऱ्या वर्षाच्या 30 पैकी जे उरेल ते साध्या बचत खात्यात, 75 हजेऱ्या साठेपर्यंत. म्हातारपणाच्या गुंतवणुकीचं मला त्यानंतर विचारा.

फोटोतल्या पहिल्याच पानावर, व्यवसायाच्या रकान्यात एजंटने 'देखरेख, कार्यालयीन' लिहिलंय. खाली सही तुमची आहे. छपरावर चढणाऱ्या माणसाची जोखीम वेगळी मोजतात, आणि खोटा व्यवसाय हे दावा नाकारायचं आयतं कारण असतं. जुनी पॉलिसी चालू आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज देऊन पोच घ्या. नव्या दोन्ही फॉर्मवर 'पाडकाम, उंचीवरचं काम' असं स्वतःच्या हाताने लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. एजंट म्हणेल, 'राहू द्या, मी भरतो.' पेन त्याच्या हातात देऊ नका.