प्रकाशतलवारीची मूठ

प्रश्न : ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटातील नायक ल्यूकच्या प्रकाशतलवारीची (लाइटसेबरची) मूठ घरी करायची आहे. मूळ वस्तूच विकत घ्यावी लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांनी लंडनमधील कॅमेऱ्यांच्या दुकानातून आणलेल्या जुन्या ग्राफ्लेक्स फ्लॅशगनच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या फ्लॅशच्या दिव्याच्या) नळीवर काळ्या पट्ट्या आणि कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरील भिंगांची पट्टी चिकटवून ती केली होती. म्हणजे मूळ वस्तूही जुळवाजुळवीचीच. तशी फ्लॅशगन आज संग्राहकांची वस्तू झाली असल्याने ती कापणे आम्हाला पटत नाही. वॉश बेसिनखालचा क्रोमचा पाइप घ्यावा व पट्ट्यांसाठी गाडीच्या वायपरचे रबर वापरावे. गुळगुळीत क्रोमवर गोंद धरत नाही, म्हणून पाइपवर जिथे रबराची पट्टी येणार त्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तेवढीच जागा पॉलिश पेपरने खरवडावी आणि स्पिरिटने पुसून मगच रबर चिकटवावे.