बाजू नंतर ठरव, आधी कागद वाच

प्रिय बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बी.ए.ला मेजर म्हणून राज्यशास्त्र घेतलंस आणि पहिल्याच सेमिस्टरला पाय लटपटायला लागले. आत्या विचारते, नगरसेवक होणार का. मित्र म्हणतात, एमपीएससीला बरं पडतं. वर्गात मॅडमनी एखादं नाव घेतलं की अर्धे पोट्टे या बाजूला, अर्धे त्या बाजूला. आणि शेवटी तू मलाच विचारतोस, ‘काका, मी कोणत्या बाजूचा?’

एवढी घाई काहून? आधी मूळ कागद वाच.

रागावू नको, पण वेगळ्या विदर्भावर तू लिहून पाठवलेल्या मजकुरात नागपूर कराराचं नाव सारखं येतं आणि करार काय म्हणतो ते कुठंच येत नाही. विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून पुढाऱ्यांनी 28 सप्टेंबर 1953 ला केलेला तो करार चहा निवायच्या आत वाचून होतो. दर डिसेंबरला नागपूरचं अधिवेशन लवकर गुंडाळलं की ‘करार मोडला’ अशी बोंब उठते. कराराचं म्हणणं असं की सरकार ठराविक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन इथं होईल. आता हा ‘ठराविक काळ’ म्हणजे किती? भांडायचं तर इथं भांड. पुढं निधीच्या वाटपाचा प्रश्न आला की घटनेचं कलम 371(2) काढ. विदर्भाचं विकास मंडळ 1994 मध्ये त्याच कलमाखाली झालं आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. यात दोष कुणाचा, यावर माझं मत आहे, चांगलं जहाल आहे. तुला ते उसनं मिळणार नाही.

सीताबर्डीच्या ज्या उड्डाणपुलावरून तू कॉलेजला जातोस, त्याला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. बहुतेक बाया आणि लेकरं. हा आकडा नागपुरात कुणालाही विचार, पाठ आहे. मागणी काय होती विचारलं की माणसं घुटमळतात. ‘आरक्षण पाहिजे होतं ना त्यांना?’ एवढ्यावर गाडी थांबते.

अरे, यादी उघडून बघ. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असं छापलंय. गोवारींचं म्हणणं, ते आम्हीच. सरकारचं म्हणणं, गोंड गोवारी वेगळे आणि तुम्ही वेगळे. ऑगस्ट 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. यादीत बदल करायचा तर तो संसदेनं करायचा, न्यायालयानं नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. दोन्ही निकाल बसून वाच. कळणार नाहीत, परत वाच. राज्य म्हणजे काय, नागरिक म्हणजे काय, माणसाची ओळख कोण ठरवतो, अधिकार कायदेमंडळाचा की कोर्टाचा, तुझ्या तीन वर्षांचा अर्धा अभ्यासक्रम त्या एका यादीत आहे. आणि तू मला झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सचे फोटो पाठवतोस!

विचारवंतांचंही तेच. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत केलेलं भाषण. त्यातलं राजकारणातल्या भक्तीबद्दलचं वाक्य तुझ्या स्टेटसला होतं. वाक्य उत्तम आहे. पण त्याच्या आधी ते काय बोलले, नंतर सामाजिक लोकशाहीकडे कसे वळले, हे वाचलंस का? दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भाकरीच्या पिशवीत राज्यघटना घालून घरी नेतात. तू तर नागपुरातच राहतोस.

आमच्या पेपरात मला ‘जी.आर. दाखवा’ म्हणून चिडवायचे. पेपरचं नाव राहू दे. मंत्र्यानं घोषणा केली की सगळ्यांची बातमी संध्याकाळी तयार, मी मात्र शासन निर्णय निघाला का ते बघत बसायचो. माझ्या मागून आलेले उपसंपादकाचे वृत्तसंपादक झाले. तुझी काकू अजून ऐकवते. ऐकवू दे. घोषणा झालेल्या आणि कधीच न निघालेल्या किती जी.आर.ची यादी माझ्या वहीत आहे, ते तिलाही ठाऊक आहे. हट्टीपणा म्हण, खडूसपणा म्हण, मला चालतं.

सल एकच राहिली, ती पैशाची. म्हणजे पगाराची नाही, बजेटची. तरतूद किती, त्यातला निधी वितरित किती झाला आणि खर्च किती झाला, हे तीन वेगवेगळे आकडे असतात. माझ्या पदवीत हे कुणी शिकवलं नाही. विदर्भाच्या अनुशेषावर, म्हणजे विकासाच्या राहून गेलेल्या कामांवर, मी बरीच वर्षं फक्त तरतुदीचा आकडा धरून लिहीत राहिलो, कारण बजेटची जाडजूड पुस्तकं उघडायची धास्ती वाटायची. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल हातात धरायला शिकलो तोवर केस पिकले होते. म्हणून मायनरला अर्थशास्त्र घे. सोपे मार्क मिळतात म्हणून दुसरं काही घेऊ नको. यावर चर्चा नको.

नोकरीचं विचारलंस, तर राज्यशास्त्र नोकरी हातात आणून ठेवत नाही, हे खरंच आहे. पण कागद वाचता येणारा माणूस वकिलाकडे लागतो, पेपरला लागतो, संस्थांना लागतो, आमदारांनाही लागतो, कारण त्यांना स्वतःला वाचायला वेळ नसतो. आत्याला हे सांगून बघ. पटणार नाही तिला.

वर्गातल्या पोट्ट्यांशी भांडणं थांबवू नको. फक्त कुणी ठासून बोललं की विचार, कुठं लिहिलंय? तुझ्या स्वतःच्या बाजूच्या माणसाला तर आधी विचार.

डिसेंबरात विधान भवनाच्या प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो का बघतो. आमदाराचं पत्र लागेल, ते आणायचं काम माझं. त्या दिवसाच्या तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, यादी आदल्या रात्री वाचून ये. न वाचता आलास तर पास तुझ्या वर्गातल्या त्या दुसऱ्या बाजूच्या पोट्ट्याला देईन.

तुझा,
काका