युद्धकाळावरच्या ख्रिस्ती कादंबरीत विश्वास कसा दाखवावा, म्हणजे ते प्रवचन वाटणार नाही?

दुसऱ्या महायुद्धातल्या एका ख्रिस्ती कुटुंबावर तुम्ही कादंबरी लिहिताय. संशोधन किती करायचं, हालअपेष्टा आणि विश्वास यांचा मेळ कसा घालायचा आणि शेवट आशेचाच हवा का, असं तुम्ही विचारलंय. मी शेवटापासूनच सुरुवात करते, कारण त्या शेवटापायी माझी कादंबरी सहा वर्षं कपाटात पडून आहे.

ती नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या 'भुकेच्या हिवाळ्या'वर आहे. देश जर्मनांच्या ताब्यात होता. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या डच सरकारच्या सांगण्यावरून सप्टेंबर १९४४ मध्ये रेल्वे कामगार संपावर गेले आणि त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचं अन्न अडवलं. बंदी थोडी सैल झाली, तर थंडीने कालवे गोठले आणि होड्या जागच्या जागी अडकल्या. नोव्हेंबरअखेर माणशी शिधा दिवसाला १००० कॅलरींच्या खाली गेला होता, फेब्रुवारीअखेर तो ५८० च्या आसपास आला. सुमारे २० हजार माणसं गेली. अॅमस्टरडॅममध्ये तर एका जुन्या चर्चमध्ये प्रेतं ठेवावी लागली, कारण दफन वेळेवर होत नव्हतं.

लोक ट्यूलिपचे कंद खात होते. कंदाच्या पोटात पिवळा कोंब असतो, तो बाधतो. म्हणून कंद उभा चिरून कोंब काढून टाकायचा, मग उकडायचा. माझ्या कादंबरीतली आई रोज संध्याकाळी हे करते. सुरीच्या टोकाने एकेक कोंब काढते, बशीच्या कडेला ओळीने ठेवते, मग सगळे हात जोडून प्रभूची प्रार्थना म्हणतात. एके दिवशी 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' या ओळीपाशी ती थांबते. मुलं डोळे मिटून वाट बघतात. तिच्या तोंडून पुढचा शब्द फुटत नाही. शेवटी नऊ वर्षांचा थोरला पुढची ओळ म्हणतो आणि प्रार्थना पूर्ण होते. धाकटी मुलगी १२ मार्चला जाते.

हे हस्तलिखित मी ख्रिस्ती पुस्तकं काढणाऱ्या एका संपादकांना दिलं. त्यांनी पानापानावर पेन्सिलीने खुणा करून मन लावून वाचलं होतं. म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त मुलगी वाचवा." २९ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश बॉम्बर विमानांनी अगदी खालून उडत, पॅराशूटशिवाय, अन्नाची पोती टाकली. त्या मोहिमेचं नावच 'मान्ना', म्हणजे बायबलमध्ये देवाने रानात उपाशी लोकांना आकाशातून दिलेलं अन्न. "देवानेच शेवट लिहून ठेवलाय, बाई. तुम्ही तिला फक्त सात आठवडे जगवायचं."

मी विचारलं, कशावर जगवू? ते म्हणाले, विश्वासावर.

तिथेच मी हस्तलिखित परत मागितलं आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. प्रार्थना केली आणि दारात बटाट्यांची पिशवी आली, असं एकदा लिहिलंत की पलीकडच्या घरातल्या बाईचं काय करणार? तीही प्रार्थनाच करत होती. तिच्या दारात पिशवी आली नाही, म्हणजे तिचा विश्वास कमी पडला, असं तुमची कादंबरी तुमच्याही नकळत सांगून जाते. हे खोटं आहे आणि क्रूरही आहे. त्याच देशात २६ जुलै १९४२ ला कॅथलिक बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारं पत्र चर्चमध्ये वाचून दाखवायला लावलं. त्याचा सूड म्हणून २ ऑगस्टला जन्माने ज्यू असलेल्या कॅथलिकांना उचललं. जोगीण झालेली तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन त्यांतच होती, आठवडाभरात तिला आउशवित्झच्या छळछावणीत मारलं. बिशप बोलले ते योग्यच होतं आणि त्याचा परिणाम असा झाला. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर मांडता येत असतील तरच हा विषय हाती घ्या.

माझ्या थोरल्या बहिणीचं पहिलं मूल सात महिन्यांचं असताना गेलं. सगळी मंडळी उपास-प्रार्थनेत होती. नंतर एक बाई घरी येऊन तिला म्हणाल्या, "तू मनापासून मागितलं नसशील." बहीण वर्षभर उपासनेला आली नाही. मी लिहीत असते तेव्हा वाचक म्हणून तीच डोळ्यांसमोर असते. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र काढून वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. रडगाणं देवासमोर गायलं तर तोही विश्वासच, हे मी त्या संपादकांना पटवू शकले नाही. निदान तुम्हाला तरी पटावं.

याचा अर्थ प्रत्येक मूल मारा असा घेऊ नका. शेतकऱ्याने खरंच बटाटे दिले, स्वीडनच्या पिठाचा पाव खरंच आला, मदतीसाठी प्रोटेस्टंट आणि कॅथलिक चर्चेस खरंच एकत्र आली. तेही लिहा. फक्त ते कुणाच्या प्रार्थनेचं बक्षीस म्हणून देऊ नका.

संशोधनाचं म्हणाल तर रोजनिश्या वाचा आणि जुनं कॅलेंडर जवळ ठेवा. २९ एप्रिलला रविवार होता, हे मला फार उशिरा कळलं आणि मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. विमानांचा आवाज येतो तेव्हा आता थोरला छपराकडे धावतो आणि आई खालूनच ओरडून त्याला विचारते, पोती किती आहेत ते मोज.