बारावी सोडून कॉन्ट्रॅक्टवर सही करू द्यावी का?

नमस्कार ताई, डिचोलीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा 17 वर्षांचा, फुटबॉलमध्ये मिडफिल्डर (मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा), बारावी कॉमर्सला. एका आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबचं सीनियर स्क्वॉडसाठी तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, एजंट म्हणतो आठवड्यात सही करा नायतर जागा गेली, आणि इकडे गोवा प्रोफेशनल लीगमधला एक क्लब एका वर्षासाठी बोलावतोय, पैसे कमी.

मला विचाराल तर गोव्याच्या लीगवाला क्लब. पोराला आत्ता मॅचची मिनिटं हवीत हो, जर्सीवरचं नाव नंतर बघू. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळू शकतात आणि त्यातले एक-दोन बहुतेक मिडफिल्डमध्येच असतात, मग 17 वर्षांचा पोरगा बिब (राखीव खेळाडूंचं बनियन) घालून लाईनवर वॉर्मअप करत राहतो आणि घरी फोटो पाठवतो. मिडफिल्डरचं तर बघा, बॉल पायात यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं, हे प्रॅक्टिसमध्ये जमतं पण मॅचमध्ये कोणीतरी अंगावर धावून येतं तेव्हाच पक्कं होतं, त्याला शॉर्टकट नाही. मिडफिल्डर ब्रँडन फर्नांडिस घ्या, मडगावचा, साऊथ आफ्रिकेतल्या अकॅडमीत शिकून आला तरी आल्या आल्या आयएसएलच्या एफसी गोवात नाही गेला, स्पोर्टिंग, चर्चिल अशा गोव्यातल्या क्लबांतून करत करत 2017 ला तिथे पोचला.

आणि तीन वर्षांचं म्हणजे सेफ असं एजंट सांगत असेल, पण फिफाच्या नियमाने 18 खालच्या खेळाडूला तीनपेक्षा जास्त वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देताच येत नाही, म्हणजे जास्तीत जास्त जेवढं बांधता येतं तेवढं बांधलंय. मॅचच नाही मिळाल्या तर विशीत दुसऱ्या क्लबला काय दाखवणार? त्यात 2025 च्या जुलैत आयएसएलचा सीझनच लटकला, काही क्लबांनी पगार थांबवले, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

एजंटकडे फिफाचं लायसन्स मागा, नसेल तर विषय संपला. कॉन्ट्रॅक्ट वकिलाला दाखवा. गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार, आणि तेवढे महिने पगार चालू राहणार का, एवढं लिहून घ्याच, तोंडी नको. लोनवर, म्हणजे थोड्या काळासाठी दुसऱ्या क्लबला, पाठवायचं असेल तर त्याला विचारून की न विचारता, तेही.

बारावी सोडायची नाही, यावर माझ्याकडे वाद नको. गोवा बोर्ड स्पोर्ट्सचे मार्क देतं, शाळेत फॉर्मचं आत्ताच विचारून ठेवा, आणि कॉमर्स सांभाळून लीग खेळणारी पोरं तुमच्या डिचोलीतसुद्धा सापडतील.

उंची कमी म्हणून तुम्ही घाबरलाय, ते डोक्यातून काढा, सेंटर बॅक (उंच लागतो तो मधला बचावपटू) थोडाच व्हायचंय त्याला. लीगवाल्या कोचला फक्त एवढंच विचारा, पहिल्या अकरात याला कुठल्या पोझिशनला बघताय, आणि तो काय म्हणतो ते मला कळवा.