ऑटोमॅटिक गन बसवली तरी कोपरे कोरडेच!

प्रश्न : भोसरीला आमचं छोटं युनिट आहे, इलेक्ट्रिकल पॅनलचे बॉक्स बनवतो. पावडर कोटिंग (चार्ज दिलेली रंगाची कोरडी पावडर गनने मारून ओव्हनमध्ये भाजणं) आधी हातानेच करायचो, आता कन्व्हेयर आणि ऑटोमॅटिक गनची लाईन टाकली. बाहेरून फिनिश झकास, पण बॉक्सच्या आतले कोपरे कोरडेच राहतात. सप्लायर म्हणतो केव्ही (गनचा व्होल्टेज) वाढवा, वाढवला तर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतोय. काय करावं?

उत्तर : केव्ही वाढवू नका हो, उलट कमी करा! गनच्या टोकाला जे इलेक्ट्रोड असतं त्यावर 100 केव्हीपर्यंत, म्हणजे एक लाख व्होल्टपर्यंत दाब देता येतो, तिथून जाताना पावडरला निगेटिव्ह चार्ज मिळतो, आणि जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, हुकातून कन्व्हेयरमार्गे अर्थ झालेला असतो म्हणून पावडर त्याला चिकटते. पण हा चार्ज जवळचं धातू बघतो, त्यामुळे पावडर आधी कडांवर जाऊन बसते आणि आतला कोपरा तसाच राहतो. याला फॅरडे केज म्हणतात. केव्ही वाढवला की कडांवर अजूनच गर्दी होते, आधी बसलेल्या थरात चार्ज साठत जातो, मग तो थर आतूनच फुटायला लागतो आणि ओव्हनमधून बाहेर आल्यावर तुम्हाला ऑरेंज पील दिसतं.

40 ते 60 केव्हीवर आणा, करंटवर लिमिट टाका, हवेचा प्रेशरही उतरवा, नाहीतर कोपऱ्यात गेलेली पावडर हवाच उडवून बाहेर काढते. आणि एक माणूस मॅन्युअल गन घेऊन ऑटोमॅटिक गनच्या आधी उभा करा, नंतर नाही, म्हणजे कोपरे आधी भरले जातात आणि बाहेरची बाजू मशीन बघून घेतं. लाईन ऑटोमॅटिक म्हणजे माणूस नकोच असं सेल्सवाले सांगतात, पण खोलगट जॉबला तसं होत नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, हुक बघा. जॉबबरोबर हुकावरही पावडर बसते, 180-200 डिग्रीला तीही भाजून पक्की होते, चार-पाच फेऱ्यांत हुकावर प्लॅस्टिकचं कवच तयार होतं आणि जॉबचं अर्थिंग गेलं! मग पावडर नीट चिकटत नाही, ऑपरेटरला झटके बसतात, आणि बूथमध्ये उडत्या पावडरीत ठिणगी पडली तर आगच लागते. जॉब ते अर्थ रेझिस्टन्स 1 मेगाओहमच्या आत पाहिजे, मेगर (रेझिस्टन्स मोजायचं मीटर) लावून बघा. जिथे जॉब टेकतो तेवढी जागा घासून धातू उघडा ठेवलात तरी पुष्कळ फरक पडतो. निम्म्या तक्रारी गनच्या नसतातच, हुकाच्या आणि फॉस्फेटिंगच्या (रंगाआधी धातूवर फॉस्फेटचा थर देण्याच्या) टाकीच्या असतात.

प्रश्न : मुलगा चाकणला कार कंपनीच्या पेंट शॉपमध्ये लागलाय. डिओ मारून यायचं नाही, डोक्याला जेल लावायचं नाही असा नियम आहे म्हणे. रंग तर रोबो मारतात, मग हे कशाला?

उत्तर : नियम बरोबर आहे. डिओ, जेल, काही क्रीम यात सिलिकॉन असतं, त्याचा सूक्ष्म कण जरी बॉडीवर पडला तरी ओला रंग त्या जागेवरून बाजूला सरकतो आणि गोल खड्डा पडतो, त्याला क्रेटर म्हणतात. एका खड्ड्यासाठी अख्खं दार पुन्हा घासून रंगवायला लागतं!

रोबोच्या हातात साधी गन नसते, बेल असते, मिनिटाला 30 ते 50 हजार फेऱ्या मारणारी छोटीशी वाटी. रंग तिच्या कडेवरून सुटताना बारीक थेंब होतात, वर त्यांना चार्जही दिलेला असतो. साध्या एअर गनचा निम्म्याहून जास्त रंग हवेत वाया जातो, बेलचा 80 टक्क्यांच्या आसपास बॉडीवर बसतो. पण गंजापासून वाचवणारा मुख्य थर रोबो मारतच नाही, त्यासाठी अख्खी बॉडी टाकीत बुडवून करंट देतात, साधारण 20 मायक्रॉनचा ईडी कोट. रोबोचं काम त्यानंतर.

प्रश्न : बूथमध्ये खाली पडलेली पावडर परत वापरली तर चालते का?

उत्तर : चालते, सायक्लोनमधून (बूथच्या हवेतून पावडर वेगळी करणाऱ्या यंत्रातून) आलेली चाळून, नवीन पावडरमध्ये मिसळून वापरा. नुसती जुनी टाकू नका, ती बारीक झालेली असते, गनमध्ये गोळे होतात. आणि जमिनीवरची झाडून घेतलेली असेल तर सरळ टाकून द्या.